प्लग, पट्टा आणि इंटरकूलरचे काम घरी केल्यानंतर सुपरचार्जरची गाडी मिसिंग करू लागली आहे

रविवारचा_पाना

नमस्कार. प्रश्न लांबट आहे, पण अर्धवट माहिती देऊन उत्तर मागणे बरे नाही, म्हणून सगळे तपशील एकदाच देतो.

माझी गाडी १.६ लिटरची, चार सिलिंडरची पेट्रोल गाडी आहे. तिला पट्ट्यावर चालणारा रूट्स पद्धतीचा सुपरचार्जर (इंजिनात जास्तीची हवा ढकलणारा पंप) असून त्यातून निघालेली हवा थंड करणारा इंटरकूलर थेट इंजिनाच्या माथ्यावर, बॉनेटच्या झरोक्याखाली बसवलेला आहे. थ्रॉटल, म्हणजे पाय दाबल्यावर उघडणारी हवेची झडप, सुपरचार्जरच्या आधी आहे. हवेचे वस्तुमान मोजणारा मॅफ सेन्सर या इंजिनाला नाही. मॅनिफोल्डमधील, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळकांड्यातील, दाब मोजणारा मॅप सेन्सर आहे. इग्निशन कॉइल एकच, चार तोंडांची असून तिच्यापासून प्रत्येक प्लगपर्यंत जाड वायर जाते.

मागच्या शनिवार-रविवारी मी स्वतः चार कामे केली. इंजिन ऑइल व त्याचा फिल्टर बदलला, एअर फिल्टर बदलला, सुपरचार्जरचा पट्टा नवा घातला आणि चारही स्पार्क प्लग बदलले. प्लगांपर्यंत हात नीट पोहोचावा म्हणून इंटरकूलर उतरवला होता आणि उतरवलाच आहे तर म्हणून आतून धुऊन, एक रात्र उलटा ठेवून वाळवला होता. कामाआधी गाडीबद्दल काहीही तक्रार नव्हती. किलोमीटर पूर्ण झाले म्हणून प्लग बदलले, एवढेच.

आता पुढील त्रास आहेत. आयडलिंग पूर्वी मिनिटाला ७५० फेऱ्यांच्या आसपास स्थिर असे, ते आता ११०० वर जाऊन बसते आणि मधूनच थोडे वर-खाली होते. हलक्या पायाने चालवल्यास गाडी ठीक चालते, परंतु तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की २५०० फेऱ्यांच्या पुढे इंजिन मिसिंग करते (सिलिंडरमधले ज्वलन मधूनच चुकते) आणि झटके बसतात. अशाच एका झटक्यात चेक इंजिनचा दिवा लुकलुकू लागला आणि नंतर कायमचा पेटून राहिला. पिकअपही पूर्वीसारखा नाही. पाय दाबल्यावर बॉनेटच्या आतून फुस्स असा बारीक आवाज येतो, मात्र सुपरचार्जरची नेहमीची शीळ इतकी मोठी आहे की हा भास आहे की काय, हे मला खात्रीने सांगता येत नाही.

स्कॅनरवर पी ०३०० आणि पी ०३०२ हे दोन कोड आले, म्हणजे एकूण मिसफायर आणि दुसऱ्या सिलिंडरचा मिसफायर. मिश्रण पातळ असल्याचा पी ०१७१ हा कोड आलेला नाही आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम (संगणकाने पेट्रोलच्या मापात केलेली दीर्घकाळची दुरुस्ती) अधिक २ टक्के आहे. मॅप सेन्सरचे आकडे असे: इंजिन बंद असताना ९५ किलोपास्कल, आयडलिंगला ४८, पूर्ण थ्रॉटलला ३००० फेऱ्यांवर १२० आणि ४५०० फेऱ्यांवर १३८. कामाआधीचे आकडे मी घेऊन ठेवले नव्हते, ही चूक कबूल करतो.

काम संपल्यावर ट्रेमध्ये दहाच्या पान्याचा एक आखूड बोल्ट उरला होता. तो बहुधा मागच्या एखाद्या कामातला असावा.

कॉइल आणि दुसऱ्या सिलिंडरचा इंजेक्टर मागवावा असा विचार आहे. आधी काय तपासावे, हे जाणकारांनी सांगावे.

गॅरेजची_पायरी

काहीही मागवण्याआधी गाडी उभी करून ठेवा. पेटून राहिलेला दिवा आणि लुकलुकणारा दिवा यांत मोठा फरक आहे. दिवा लुकलुकतो तेव्हा न जळलेले पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जात असते आणि ते धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आत जळून त्याची जाळी वितळवू शकते. पूर्ण थ्रॉटलचे आकडे तुम्ही एकदा घेतलेत ते पुष्कळ झाले, पुन्हा घेऊ नका. बूस्टच्या वेळी, म्हणजे सुपरचार्जर दाब भरत असताना, एखाद्या सिलिंडरला मिश्रण खरोखरच पातळ मिळत असेल, तर तिथे नॉकिंग (मिश्रण आपोआप भडकणे) सुरू होऊन पिस्टनच्या रिंगांमधल्या कडा तुटण्यापर्यंत गोष्ट जाते.

आता मुद्द्याचे. शुक्रवारी धडधाकट असलेली कॉइल आणि इंजेक्टर हे दोन्ही भाग रविवारीच आजारी पडावेत, असा योगायोग मी मानणार नाही; आधी संशय स्वतःच्या हातांवर घ्यावा. तुम्ही ज्यांना हात लावलात त्या गोष्टींची यादी करा आणि ती उलट्या क्रमाने तपासा. शेवटी जे बसवले ते आधी. तुमच्या बाबतीत त्या यादीत सर्वांत वर इंटरकूलर येतो.

आणखी एक सांगतो. वाढलेले आयडलिंग आणि भाराखालचे मिसिंग यांना एकाच कारणाच्या दावणीला बांधू नका. दोन दिवसांत चार कामे केली असतील, तर दोन चुका होण्यास भरपूर वाव असतो.

तीन गोष्टी कळवा. नव्या प्लगचा गॅप (दोन टोकांमधले अंतर) मोजून बसवला होता का? बसवताना एखादा प्लग हातातून पडला होता का? गाडी सपाट जमिनीवर उभी करून डिपस्टिकवर ऑइल किती दिसते? शेवटचे यासाठी की ऑइल खुणेच्या बरेच वर गेले, तर क्रँकच्या फिरण्याने ते घुसळले जाते, त्याची वाफ ब्रीदरच्या नळीतून इनटेकमध्ये ओढली जाते आणि इंटरकूलर धुतल्याचा उपयोग आठवडाभरात संपतो.

कोडवाचक

पी ०१७१ नाही आणि ट्रिम जवळजवळ शून्य आहे, याचा अर्थ हवेची गळती नाही. गळती असती तर संगणकाने पेट्रोल वाढवले असते आणि ते ट्रिममध्ये दिसले असते. बूस्ट फक्त १३८ मिळतो आहे, त्यावरून मला सुपरचार्जरच जायला आलेला वाटतो. नाहीतर बायपास व्हॉल्व्ह (सुपरचार्जरची हवा परत मागे वळवणारी झडप) उघडा अडकला असेल. एकदा सुपरचार्जर उघडून बेअरिंग पाहून घ्या.

जुना_फिटर

वरच्या प्रतिसादातला तर्क मॅफ सेन्सरच्या गाडीला बरोबर लागू पडतो, पण प्रश्नातल्या गाडीला लागू पडत नाही. या एका गैरसमजापायी चांगले सुपरचार्जर उघडले गेलेले मी पाहिले आहेत, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

मॅफ सेन्सरच्या गाडीत फिल्टरपाशी हवा मोजली जाते आणि त्या मोजमापावर पेट्रोल ठरते. सेन्सरच्या पुढे कुठे भोक पडले, तर आयडलिंगला त्या भोकातून न मोजलेली हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होते आणि ट्रिम अधिक दिशेला धावते. त्याच भोकातून बूस्टच्या वेळी मोजलेली हवा बाहेर निसटते, पेट्रोल मात्र तिच्या हिशेबाने पडत राहते, त्यामुळे मिश्रण घट्ट होऊन मागे काळा धूर दिसतो. एकच भोक असून वागणे दोन प्रकारचे, आणि म्हणून निदान सोपे.

मॅप सेन्सरच्या गाडीत संगणक मॅनिफोल्डमधील दाब, हवेचे तापमान आणि इंजिनाच्या फेऱ्या यांवरून हवेचा अंदाज बांधतो. हवा थ्रॉटलमधून आली की फाटक्या रबरातून, याच्याशी त्याला देणेघेणे नसते. आगंतुक हवा शिरली की दाब वाढतो, दाब वाढला की संगणक तेवढेच पेट्रोल वाढवतो आणि मिश्रण बरोबरच राहते. ट्रिम शून्याजवळ, ‘लीन’चा कोड नाही, पण हवा आणि पेट्रोल दोन्ही जास्त मिळाल्यामुळे फेऱ्या वाढतात. फेऱ्या खाली आणण्यासाठी संगणक थ्रॉटल मिटत जातो आणि ते आणखी मिटता येईनासे झाले की आयडलिंग चढून बसते. तुमचे ११०० फेऱ्यांचे आयडलिंग आणि ४८ किलोपास्कलचा दाब नेमके हेच सांगतात. अशा गरम, निरोगी इंजिनाचा आयडलिंगचा दाब साधारण ३० ते ४० किलोपास्कलच्या दरम्यान असायला हवा. बूस्टच्या वेळी याच मार्गाने हवा बाहेर जाते, दाब कमी भरतो, संगणक पेट्रोलही कमी देतो, म्हणून धूर नाही की कोड नाही, केवळ पिकअप गेलेला.

आता ती हवा कुठून शिरत असेल? तुमच्या गाडीत थ्रॉटल सुपरचार्जरच्या आधी आहे, म्हणून आयडलिंगला थ्रॉटलच्या पुढचा सगळा मार्ग, म्हणजे सुपरचार्जर, इंटरकूलर, त्याला दोन्हीकडे जोडणारे रबरी बूट आणि मॅनिफोल्ड, निर्वातात असतो. पाय दाबल्यावर यातला सुपरचार्जरच्या पुढचा भाग दाबाखाली जातो. रूट्स ब्लोअर स्वतःच्या पोटात हवा दाबत नाही, केवळ पाकळ्यांमधून एका बाजूची हवा दुसऱ्या बाजूला ढकलतो. रूट्स बंधूंनी १८६० साली त्याचे पेटंट घेतले तेव्हा लोखंडाच्या भट्ट्यांना वारा घालणे हेच त्याचे काम होते. दाब तयार होतो तो पुढे, इंजिन जितकी हवा घेऊ शकते त्याहून जास्त हवा तिथे कोंडली गेल्यामुळे. म्हणजे पुढचा मार्ग घट्ट नसेल, तर ब्लोअर नवा कोरा असूनही दाब भरणार नाही.

पट्टा घसरतो आहे का, ही शंका रास्त आहे, कारण तोही तुम्हीच बदलला आहे. इथे तुमचे दोन आकडे उपयोगी पडतात. ठराविक आकाराच्या भोकातून जाणारी हवा दाबावर अवलंबून असते, तर ब्लोअरची हवा फेऱ्यांबरोबर वाढत जाते. त्यामुळे गळतीचा वाटा कमी फेऱ्यांवर जास्त जाणवतो आणि फेऱ्या वाढल्या की दाब थोडा सावरतो. पट्टा घसरत असेल, तर साधारणपणे उलटे होते: वरच्या फेऱ्यांवर दाब पडतो, किंचाळल्यासारखा आवाज येतो आणि पुलीच्या आसपास काळी भुकटी साचते. तुमचा दाब १२० वरून १३८ वर चढला आहे. एवढ्याने गोष्ट सिद्ध होत नाही, पण माझा कल गळतीकडे आहे. तरीही टॉर्च घेऊन पट्ट्याच्या सगळ्या धारा प्रत्येक पुलीच्या खाचांत बसल्या आहेत का, हे पाहाच. एका खाचेने सरकलेला पट्टा काही दिवस गुमान चालतो आणि मग कडेने उसवू लागतो.

बायपास व्हॉल्व्ह उघडा अडकला असता, तर बूस्ट गेला असता हे खरे, पण आयडलिंगला तो उघडाच असतो. म्हणजे त्या दोषाने आयडलिंग चढण्याचे कारण मिळत नाही. त्याची बारीक निर्वाताची नळी जागेवर आहे ना, एवढे हाताने चाचपून पुढे जा.

गळती शोधण्यासाठी चालू, तापलेल्या इंजिनावर ब्रेक क्लीनर किंवा पेट्रोल फवारण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मानू नका. एक ठिणगी पुरते, आणि क्लोरीनयुक्त क्लीनर तापलेल्या धातूवर विषारी वायू तयार करतो. धुराची चाचणी करा. इंजिन थंड आणि बंद ठेवून, ब्रेक बूस्टरची नळी मॅनिफोल्डला जिथे जोडलेली असते तिथून अगदी कमी दाबाने धूर सोडा आणि फिल्टरकडचे तोंड झाकणाने बंद करा, नाहीतर पाकळ्यांमधल्या फटींतून धूर सरळ फिल्टरकडे निघून जाईल आणि तुम्ही निष्कारण खूश व्हाल किंवा घाबराल.

ठिणगी

गळतीबद्दल वर सविस्तर आले आहे, म्हणून मी फक्त मिसिंगबद्दल लिहितो. माझ्या मते तो वेगळाच दोष आहे, कारण तो एकाच सिलिंडरचा आणि फक्त भाराखालचा आहे.

ठिणगीला प्लगच्या दोन टोकांमधली हवा भेदून जावे लागते. ती हवा जितकी दाट, तितका जास्त व्होल्टेज लागतो. बूस्टखाली सिलिंडरमधील हवा बरीच दाट असते, त्यामुळे आयडलिंगला बिनतक्रार पडणारी ठिणगी पाय दाबल्यावर टोकांमधून जाण्याऐवजी दुसरी सोपी वाट शोधते. म्हणूनच अशा इंजिनांना गॅप कमी ठेवतात. बहुतेक ठिकाणी ०.७ ते ०.८ मिलिमीटरच्या आसपास, तर बिनसुपरचार्जरच्या कित्येक इंजिनांत तो १.१ पर्यंत असतो. ‘खोक्यातून गॅप बसवूनच येतो’ या भरवशावर राहू नका. एकच प्लग अनेक इंजिनांना विकला जातो. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेतला आकडा घ्या आणि तारेच्या गेजने मोजा. गॅप कमी करताना बाहेरचे टोक हलकेच वाकवावे, मधल्या बारीक टोकावर कशाचाही टेकू घेऊ नये. इरिडियमची टोके त्याने मोडतात.

प्लगचा क्रमांकही पाहा. एनजीकेच्या पद्धतीत आकडा मोठा म्हणजे प्लग थंड (टोकाची उष्णता लवकर बाहेर नेणारा), तर बॉशच्या पद्धतीत आकडा मोठा म्हणजे प्लग गरम. एका कंपनीच्या जागी दुसऱ्या कंपनीचा ‘त्याच आकड्याचा’ प्लग घेतला, तर उलटे काम होते.

दुसऱ्या सिलिंडरचा प्लग बाहेर काढून पांढऱ्या सिरॅमिकवर नीट नजर फिरवा. धातूच्या षटकोनाच्या लगत फिकट तपकिरी रंगाचा गोल पट्टा दिसला, तर तो निरुपद्रवी असतो, नव्या माणसाला मात्र तो पाहून उगाच धसका बसतो. परंतु वरून खाली जाणारी, पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली, तर ठिणगी आत न पडता बाहेरून सिरॅमिकवरून उतरत होती, हे नक्की. अशी रेघ वायरच्या रबरी टोपीच्या आतल्या बाजूसही उमटते. नुसता प्लग बदलून टोपी तीच ठेवली, तर नवा प्लगही त्याच वाटेने जातो.

वायरींची अदलाबदल झाली आहे का, हे पाहणे वाईट नाही, परंतु इथे ते कारण असण्याची शक्यता कमी आहे. तुमच्यासारख्या कॉइलमध्ये १ आणि ४ यांना एकाच वेळी, तसेच २ आणि ३ यांना एकाच वेळी ठिणगी मिळते. जोडीतल्या जोडीत वायरी बदलल्या, तर इंजिनाला पत्ताच लागत नाही. आणि जोडीबाहेर बदलल्या, तर गाडी आयडलिंगलाही धड उभी राहिली नसती.

एक सोपी कसोटी: दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरचे प्लग आपसांत बदला, वायरी तशाच ठेवा. मिसिंगचा कोड प्लगच्या मागे गेला तर प्लग दोषी, जागेवर राहिला तर वायर किंवा कॉइल. पण ही कसोटी सिरॅमिक पाहिल्यानंतर करायची आहे, आधी नाही. रेघ दिसली तर गाडी चालवून खात्री करण्याची गरजच उरत नाही.

रविवारचा_पाना

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला चार दिवस लागले, कारण धुराचे यंत्र एका मित्राकडून यायचे होते.

आधी विचारलेल्या तीन गोष्टी. ऑइल वरच्या खुणेच्या साधारण एक सेंटिमीटर वर होते. जुने ऑइल पूर्ण निथळू न देता पुस्तिकेत लिहिलेले सगळे माप ओतले, त्याचा हा परिणाम. डिपस्टिकच्या नळीतून बारीक नळी घालून जास्तीचे ऑइल ओढून काढले आणि पातळी खुणेवर आणली. गॅप मी मोजला नव्हता. आणि हो, एक प्लग हातातून निसटून बंपरवर आपटला होता. दिसायला काही झालेले नव्हते, म्हणून पुसून तसाच बसवला होता. तो कोणत्या सिलिंडरला लावला हे तेव्हा लक्षात ठेवले नव्हते.

आता लक्षात राहील. दुसऱ्या सिलिंडरचा प्लग बाहेर काढून खिडकीपाशी नेला आणि हळूहळू फिरवला, तेव्हा वरच्या टोकापासून षटकोनापर्यंत उतरलेली केसासारखी काळी रेघ दिसली. नखाने खरवडली, निघाली नाही. टोपी उलटी करून आत टॉर्च मारला, तर रबरावर त्याच उंचीवर करडा डाग होता. उरलेल्या तिन्ही प्लगांवर फक्त तो तपकिरी पट्टा आहे, त्याला मी या धाग्यामुळेच घाबरलो नाही. गॅप चारही प्लगांचा १.१ निघाला, माझ्या पुस्तिकेत मात्र ०.८ आहे.

प्लगचा संच नवा घेतला आणि दुसऱ्या सिलिंडरची वायर बदलली. गॅप ०.८ वर आणून, आट्यांना वंगण न लावता, इंजिन थंड असताना २५ न्यूटन-मीटरवर कसले. प्रत्येक टोपी दाबताना ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत दाबली. मागच्या वेळी तो आवाज ऐकल्याचे मला आठवत नाही.

धुराची चाचणी जुना_फिटर यांनी सांगितल्याप्रमाणे, पण प्लगांचे काम करण्याआधी, इंटरकूलर होता तसाच ठेवून केली. फिल्टरकडचे तोंड प्लास्टिकच्या डब्याच्या झाकणाने आणि टेपने बंद केले. पहिली दोन मिनिटे काहीच दिसले नाही. मग दिवे बंद करून टॉर्च आडवा धरला, तेव्हा इंटरकूलरच्या मागच्या उजव्या कोपऱ्यातून उदबत्तीच्या धुराएवढी रेघ वर येताना दिसली. इंटरकूलरवर तळहात ठेवून तो खाली दाबला की ती रेघ थांबत होती, हात काढला की पुन्हा सुरू. मॅनिफोल्डकडच्या रबरी बुटाची कड आत दुमडलेली होती. वरून पाहिल्यास क्लँप अगदी व्यवस्थित कसलेला दिसतो. दुमड खालच्या बाजूला आहे आणि ती पाहायला दाताच्या डॉक्टरसारखा आरसा धरावा लागला.

पट्टा तपासला. सगळ्या धारा खाचांत आहेत, टेन्शनर अडकवण्यासाठी घातलेली पिनही मी काढलेली होती, भुकटी नाही.

आता शंका अशी आहे, की बूट सरळ करून बसवला तरी इंटरकूलर दाबल्यावर किंचित खाली जातो आणि सोडल्यावर वर येतो. तो इतका हलणे स्वाभाविक आहे का? की बूटच नवा घ्यावा?

जुना_फिटर

स्वाभाविक नाही. ट्रेमध्ये उरलेला तो बोल्ट घेऊन या आणि इंटरकूलरच्या मागच्या उजव्या पट्टीपाशी पाहा. मला पहिल्याच दिवशी विचारायला हवे होते, पण गळतीचे पुराण लावण्याच्या नादात ते राहून गेले.

असे माथ्यावरचे इंटरकूलर दोन्ही बुटांत नुसते टेकलेले असतात आणि त्यांना खाली धरून ठेवण्याचे काम कडेचे बोल्ट करतात. एक बोल्ट नसला, तर इंजिन हलते तसा तो कोपरा उचलला जातो. बूस्टच्या वेळी आतला दाबही त्याला वर ढकलतो, मग बुटाची कड निसटते आणि परत बसताना आत दुमडते. म्हणजे तुम्ही बूट कदाचित बरोबर बसवला होता आणि तो नंतर दुमडला. क्लँप कितीही आवळला, तरी उचलला जाणारा कोपरा त्याने धरून ठेवता येत नाही.

बुटाची आतली कड बोटाने चाचपा. रबर मऊ असेल आणि दुमडीच्या जागी चीर नसेल, तर तोच वापरा. चीर असेल तर दोन्ही बूट एकदमच बदला, कारण दोघांचे वय सारखेच आहे. बसवताना कडेला साध्या पाण्याचा ओलावा लावा म्हणजे रबर सरकून जागेवर बसेल. ऑइल किंवा ग्रीस लावले, तर बूस्टखाली तेच रबर घसरून बाहेर येते. आधी सगळे बोल्ट हाताने चार-चार आटे बसवा, इंटरकूलर मध्यावर आणा, मग बोल्ट कसा आणि क्लँप सर्वांत शेवटी. क्लँप आधी आवळला, तर रबर वाकड्या स्थितीतच पकडले जाते.

गॅरेजची_पायरी

इंटरकूलर उघडा आहे तोवर मॅनिफोल्डच्या तोंडात टॉर्च मारून घ्या. धुळीसाठी तोंडात कापड कोंबले होते का? कोंबले असल्यास कापड मोजून काढा. मी एकदा तीन कोंबून दोनच काढली होती, म्हणून विचारतो.

आणि सगळे बसवून झाल्यावर कोड पुसा, गाडी गरम होऊ द्या आणि काही दिवस हलक्या पायाने चालवा. ट्रिम व आयडलिंगचे जुने धडे विसरून नवे शिकायला संगणकाला थोडा वेळ लागतो, त्यामुळे पहिल्या दहा मिनिटांच्या आयडलिंगवरून निष्कर्ष काढू नका.

कोडवाचक

मॅफ आणि मॅपमधला फरक माझ्या लक्षात आला नव्हता. माझ्या आधीच्या गाडीला मॅफ होता, त्यामुळे तेच गणित मी इथे लावले. सुपरचार्जर उघडण्याचा सल्ला मागे घेतो.

रविवारचा_पाना

बोल्ट तिथलाच होता. मागच्या उजव्या पट्टीच्या भोकात नुसता टेकवला, तर आटे बोटानेच धरले गेले.

बुटाची कड मऊ होती, पण दुमडीच्या जागी नखाएवढी चीर होती, म्हणून दोन्ही बूट नवे घातले. मॅनिफोल्डच्या तोंडात मी एकच कापड कोंबले होते आणि तेच बाहेर आले; तरीही टॉर्च मारून पाहिले. पाण्याचा ओलावा, हाताने चार आटे, मग बोल्ट, शेवटी क्लँप, याच क्रमाने काम केले. त्यानंतर पुन्हा धूर सोडून पाहिला, या वेळी दिवे बंद करूनही कुठे काही दिसले नाही.

आजचे आकडे, आठवडाभर हलक्या पायाने चालवल्यानंतरचे: आयडलिंग ७६०, त्या वेळचा दाब ३६ किलोपास्कल, लाँग टर्म ट्रिम अधिक १ टक्का. काल मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये एकदाच पाय पूर्ण दाबला, तेव्हा ३००० फेऱ्यांवर १५१ आणि ४५०० वर १७२ मिळाले. मिसफायरची मोजणी चारही सिलिंडरना शून्य आहे आणि दिवा बंद आहे. फुस्स हा आवाजही गेला, म्हणजे तो भास नव्हता. हे सगळे आकडे वहीत लिहून ठेवले आहेत.

कॉइल आणि इंजेक्टर मागवले नाहीत. टेकवलेल्या बोल्टावर कसण्याआधी पिवळ्या रंगाचा ठिपका लावला होता, म्हणजे पुढच्या वेळी ट्रेमध्ये काही पिवळे दिसले तर ते कुठले, हे कळेल.